कुबडी घेऊन चालताना खुब्यावर किती जोर येतो, ते कॉम्प्युटर मॉडेलवर कसं काढायचं

पहिल्यांदा मी हे मॉडेल चालवलं तेव्हा खुब्याच्या सांध्यावरचा फोर्स आला शरीराच्या वजनाच्या ०.७ पट, आणि मी जाम खूश, म्हटलं बघा कुबडीने केवढा फरक पडतो. दोन दिवस तो ग्राफ लोकांना दाखवत फिरलो, मग कळलं की जॉइंट रिॲक्शन (सांध्यावरचा एकूण फोर्स काढायची शेवटची पायरी) काढताना स्नायूंच्या फोर्सची फाइलच द्यायची राहिली होती, म्हणजे मी जे काढलं होतं तो सांध्यावरचा दाब नव्हताच मुळी, नुसता वरच्या-खालच्या भागांमधला हिशोबाचा फोर्स होता. तेव्हापासून एक सवय लागली, सॉफ्टवेअर उघडायच्या आधी कागदावर आकडा काढायचा. तुम्हीही तिथूनच सुरू करा, १० मिनिटांचं काम आहे आणि पुढचे १० दिवस वाचतात.

समजा माणूस ७० किलोचा, म्हणजे वजन साधारण ६८७ न्यूटन. तो एका पायावर उभा आहे. त्या पायाचं स्वतःचं वजन खुब्याच्या खाली आहे, ते खुब्यावर येत नाही, म्हणून वर उरलं अंदाजे ५/६, म्हणजे ५७२ न्यूटन. हे वजन खुब्याच्या आतल्या बाजूला १० सेमीवर लटकतंय असं धरा, आणि ओटीपोटाचं हाड पडू नये म्हणून बाहेरच्या बाजूने जे स्नायू ओढतात (ग्लुटियस मीडियस आणि मंडळी) त्यांची तरफ (सांध्याच्या मध्यापासूनचं अंतर) फक्त ५ सेमी. मग स्नायूंना लागणार दुप्पट, ११४४ न्यूटन, आणि सांध्यावर दोन्हींची बेरीज १७१६, म्हणजे वजनाच्या अडीच पट. हा हिशोब जुनाच आहे, फ्रीडरिश पाउवेल्स यांनी १९३५ मध्ये मांडलेला, आणि अजूनही खुब्याबद्दल काहीही समजून घ्यायचं तर इथूनच जावं लागतं. सांध्यावरचा बहुतेक दाब वजनाचा नसतो, स्नायूंचा असतो, हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं सोपं.

आता विरुद्ध हातात कुबडी द्या. ती खुब्यापासून ३५ सेमीवर टेकली आहे आणि तिच्यावर १०० न्यूटन जोर आहे. १०० गुणिले ०.३५ म्हणजे ३५ न्यूटन-मीटर तिने उचलले. आधी ५७.२ होते, उरले २२.२, भागिले ०.०५, स्नायूंना फक्त ४४४ न्यूटन. सांध्यावर ५७२ वजा १०० अधिक ४४४, म्हणजे ९१६, वजनाच्या १.३ पट. हातावर १० किलो आणि खुब्यावरून ८० किलो कमी! कुबडी विरुद्ध हातात का द्यायची ते इथे दिसतं, कारण तीच कुबडी त्याच बाजूला २० सेमी बाहेर टेकवली आणि धड अजिबात कललं नाही तर तिचा मोमेंट (फोर्स गुणिले अंतर, म्हणजे फिरवण्याचा जोर) उलटा पडतो, ५७.२ चे ७७.२ होतात आणि सांध्यावर २००० च्या वर जातं. प्रत्यक्षात त्या बाजूला कुबडी धरणारा माणूस धड तिकडे कलवतोच, म्हणून एवढं वाईट होत नाही, पण दिशा लक्षात ठेवा, पुढे मॉडेल चुकलंय का ओळखायला हीच दिशा कामाला येते.

बरं, कागदावरची ही घट खऱ्या माणसात इतकी दिसत नाही. सेन्सर बसवलेले कृत्रिम खुबे वापरून आतला फोर्स थेट मोजला गेलाय, रायडेल यांनी १९६६ मध्ये सुरुवात केली, मग बर्लिनमध्ये बर्गमन यांच्या टीमने बरीच वर्षं हेच काम केलं, आणि त्यांचा डेटा ऑर्थोलोड नावाने सगळ्यांना खुला आहे. बर्गमन यांच्या २००१ च्या पेपरमध्ये साधारण ताशी ४ किमी चालताना सरासरी पीक वजनाच्या २३८ टक्के आहे, जिना चढताना २५१, उतरताना २६०. कुबडी घेतल्यावर तो कमी होतो, पण १.३ वगैरे होत नाही, कारण कुबडीवरचा जोर आणि पायावरचा पीक एकाच क्षणी येत नाहीत, कुबडी सरळ उभी नसते, धड हलतं, शिवाय दुखऱ्या सांध्याभोवतीचे स्नायू दोन्ही बाजूंनी आवळलेले असतात. ही सगळी गुंतागुंत पकडायची म्हणूनच कॉम्प्युटर मॉडेल, नाहीतर कागद पुरला असता.

सॉफ्टवेअरबद्दल थोडक्यात. ओपनसिम फुकट आहे, स्टॅनफर्डमध्ये तयार झालं, २००७ पासून लोक वापरतायत. एनीबॉडी डेन्मार्कचं, पैसे भरून घ्यावं लागतं, छान आहे. मी ओपनसिमवर लिहितोय कारण मला तेच येतं. मॉडेल निवडताना गेट२३९२ नावाचं मॉडेल घेऊ नका, त्याला हातच नाहीत, कुबडी धरणार कशात. राजगोपाल यांचं २०१६ चं फुल-बॉडी मॉडेल घ्या, त्यात पायांना ८० स्नायू आहेत आणि हात-धड टॉर्क मोटरवर चालतात. खांद्यावरचा लोड हवा असेल तर ते पुरणार नाही, पण खुब्यासाठी बास.

आता मुद्द्याचं. लोक विचारतात की कुबडीत सेन्सर नाही, मग हे करता येईल का. माझं उत्तर ऐकून बऱ्याच जणांना धक्का बसतो: खुब्याचा फोर्स काढायला कुबडीचा फोर्स माहीत असलाच पाहिजे असं नाही, पण पायाखालच्या फोर्स प्लेटवर (जमिनीत बसवलेली, फोर्स मोजणारी पाटी) कुबडीचं टोक पडलेलं अजिबात चालणार नाही. का ते बघा. इन्व्हर्स डायनॅमिक्समध्ये (हालचाल आणि बाहेरचे फोर्स यांवरून सांध्यांचे मोमेंट काढायची पायरी) खुब्याचा मोमेंट पायाकडून वर चढत निघतो, जमिनीचा पावलावरचा फोर्स, पावलाचं, पोटरीचं, मांडीचं वजन आणि वेग-बदल, झालं. हाताने काय केलं याचा परिणाम त्यात आधीच आलेला असतो, कारण हाताने भार घेतला म्हणूनच पावलाखालचा फोर्स कमी झाला. कुबडीचा फोर्स दिला नाही तर गडबड होते ती धडात आणि ओटीपोटाच्या रेसिड्युअलमध्ये (हिशोब जुळवायला सॉफ्टवेअर ओटीपोटावर लावतं तो उरलेला फोर्स), खुब्यात नाही. याउलट पाऊल आणि कुबडी एकाच प्लेटवर पडली तर प्लेट दोघांची बेरीज देते आणि मॉडेल ती सगळी पावलावर लावतं.

आकड्यात किती वाईट ते सांगतो. पावलावर ५०० न्यूटन, विरुद्ध बाजूच्या कुबडीवर १२०, दोघांत आडवं अंतर ३० सेमी. प्लेट सांगणार ६२० न्यूटन, आणि दाबाचा मध्य पावलापासून ५.८ सेमी आतल्या बाजूला सरकलेला. मॉडेलला वाटतं जमीन पावलाच्या आतल्या कडेच्याही पलीकडून ढकलतेय, खुब्याभोवती ३६ न्यूटन-मीटर फुकटचे वाढले, ५ सेमीच्या तरफेने भागा, ७२० न्यूटन जादा स्नायू फोर्स. ७० किलोच्या माणसाच्या वजनापेक्षा जास्त! म्हणजे जी कुबडी लोड कमी करायला दिली तिनेच खुब्यावर एक माणूस आणून बसवला असा निकाल येतो. आणि गंमत म्हणजे ग्राफ बघायला एकदम नीट दिसतो, दोन उंचवटे वगैरे सगळं जागेवर, फक्त चुकीचा.

म्हणून रेकॉर्डिंगच्या दिवशी सगळ्यात जास्त वेळ यात घाला. जमिनीवर टेप लावून पावलाची आणि कुबडीची वेगळी पट्टी दाखवता येते, पण पेशंटला "इथेच टेकवा" सांगितलं की तो खाली बघत चालतो, पुढे वाकतो आणि चालच बदलते. त्यापेक्षा सुरुवातीची जागा १०-१५ सेमी पुढे-मागे करत राहा, पेशंटला काही सांगूच नका, आणि एक माणूस नुसता टोक कुठे पडतंय ते लिहायला बसवा. व्हिडिओ असला तरी लिहायला बसवाच. दोन बेल्टच्या ट्रेडमिलवर हा प्रश्न सुटत नाही, तिथे विरुद्ध हाताची कुबडी दुसऱ्या पायाच्या बेल्टवर पडते आणि आता दुसरा पाय बिघडतो.

मग कुबडीत सेन्सर लावायचा की नाही? लावाच, जमत असेल तर. तीन कारणं आहेत, मिसळलेल्या प्लेटमधून कुबडी वजा करता येते, मॉडेल एकूण बरोबर बसलंय का याची तपासणी होते, आणि पेशंट खरंच किती भार हातावर घेतोय ते कळतं, जे त्याला स्वतःला कधीच माहीत नसतं.

कुबडीच्या नळीत खालच्या बाजूला एक लोड सेल बसवायचा, तो नळीच्या दिशेचा दाब मोजतो. एचएक्स७११ सारखा स्वस्त ॲम्प्लिफायर चालतो पण तो सेकंदाला जास्तीत जास्त ८० रीडिंग देतो, आणि बाजारातून आणलेलं बोर्ड बहुतेक वेळा १० वर सेट असतं, ते आधी बघा. १० वर टेकण्याचा क्षणच सापडत नाही. हळू चालीला ८० चालतात, टेकतानाचा धक्का हवा असेल तर चांगला ॲम्प्लिफायर घ्या.

दिशा मार्करवरून (कॅमेऱ्यांना दिसणारे छोटे चमकते गोळे) मिळते. नळीवर दोन मार्कर लावले की अक्ष मिळतो, तिसरा जरा बाजूला काढून लावा म्हणजे कुबडी गोल फिरली तरी कळेल, आणि तिघांमधली अंतरं वेगवेगळी ठेवा नाहीतर सॉफ्टवेअर डावी-उजवी कुबडी अदलाबदल करतं. फोर्सचा वेक्टर म्हणजे लोड सेलचा आकडा गुणिले टोकाकडून वर जाणारी दिशा. टोकाला मार्कर लावता येत नाही, त्यामुळे टोकाची जागा काढायला एक सोपी युक्ती, टोक जमिनीवर एका जागी घट्ट रोवून ठेवायचं आणि कुबडी वरून गोल गोल फिरवायची, २०-३० सेकंद, सगळे मार्कर ज्या एका बिंदूभोवती गोलाकार फिरतात तो बिंदू म्हणजे टोक. खालचं रबर झिजलेलं असेल तर आधी नवीन घाला, झिजलेलं रबर कडेवर टेकतं आणि बिंदू इकडेतिकडे पळतो.

नळीला आडवा फोर्सही थोडा असतो, कारण कोपरापर्यंतच्या कुबडीत मूठ आणि वरचं कडं असे दोन ठिकाणी हात लागतो आणि माणूस नळी वाकवू शकतो. एका लोड सेलने तो मिळत नाही. सोडून द्या, पण किती सोडला ते बघून ठेवा: कुबडी फोर्स प्लेटवर टेकवून हळूहळू ० पासून ३०० न्यूटनपर्यंत दाबा, आधी उभी, मग १०-१५ अंश तिरकी, आणि प्लेटचा आकडा आणि तुमचा वेक्टर एकावर एक काढा. उभ्या दिशेत दोन्ही एकमेकांवर बसले पाहिजेत, आडव्यात थोडं सुटेल. उभ्यातच सुटलं तर कॅलिब्रेशन चुकलंय, पुढे जाऊ नका.

वेळ जुळवायला मी महागडं सिंक बॉक्स वगैरे वापरत नाही, प्रत्येक ट्रायलच्या सुरुवातीला कुबडी प्लेटवर तीनदा ठोकायची, टक टक टक, प्लेटच्या डेटात तीन सुळके, लोड सेलमध्ये तीन सुळके, एकमेकांवर सरकवायचे. शेवटीही तीनदा ठोका, कारण स्वस्त बोर्डचं घड्याळ हळूहळू सरकतं, सुरुवात जुळली म्हणून शेवट जुळेल असं नाही.

आता मिसळलेल्या प्लेटमधून कुबडी वजा करायची असेल तर नुसता फोर्स वजा करू नका, मोमेंटही वजा करा. प्लेटच्या मध्याभोवती प्लेटचे मोमेंट घ्या, त्यातून कुबडीच्या टोकाची जागा क्रॉस कुबडीचा फोर्स वजा करा, जे उरलं त्यातून पावलाच्या दाबाचा मध्य नव्याने काढा. तो मध्य पावलाच्या मार्करच्या आत पडतोय का ते प्रत्येक फ्रेमला बघा. बाहेर पडला की समजायचं सिंक नाहीतर टोक चुकलंय. फोर्स खूप कमी असताना, म्हणजे पाऊल टेकताना आणि उचलताना, तो उड्या मारणारच, तिकडे दुर्लक्ष करा.

मार्कर आणि फोर्स फिल्टर करताना दोघांना एकच कटऑफ (ज्याच्या वरचा गोंगाट गाळला जातो ती फ्रीक्वेन्सी) द्या, कुबडीच्या हळू चालीला ६ हर्ट्झ ठीक आहे. मार्करला ६ आणि फोर्सला ५० दिलं की पाऊल टेकतानाच्या क्षणी खुब्यात एक टोकदार सुळका येतो जो खऱ्या माणसात नसतो.

स्केलिंग, म्हणजे मॉडेल त्या माणसाच्या मापाचं करणं. स्टॅटिक ट्रायल (स्थिर उभं राहून घेतलेलं रेकॉर्डिंग) कुबडीशिवाय घेता आली तर उत्तम, पेशंटला उभं राहवत नसेल तर कुबडीसकट घ्या पण वजन नोंदवताना कुबडी बाजूला ठेवून काट्यावर उभं करा. कुबडीने चालणाऱ्यांचं एक वैशिष्ट्य, पुढे झुकलेलं धड आणि हलणारे हात यामुळे ओटीपोटाच्या पुढच्या टोकांवरचे मार्कर सारखे झाकले जातात. म्हणून मागे माकडहाडाजवळ तीन-चार मार्करचा एक संच लावून ठेवा, पुढचे गेले तरी त्यावरून परत बांधता येतात. खुब्याचा मध्य कुठे धरला यावर सगळं उभं आहे, मूळ ५ सेमीच्या तरफेत १ सेमीची चूक म्हणजे २० टक्के. स्कॅन असेल तर त्यावरून घ्या, नसेल तर हॅरिंग्टन यांची २००७ ची समीकरणं वापरा: पुढच्या दोन टोकांच्या मध्यबिंदूपासून मागे ०.२४ गुणिले ओटीपोटाची खोली अधिक ९.९ मिमी, खाली ०.३० गुणिले रुंदी अधिक १०.९, बाजूला ०.३३ गुणिले रुंदी अधिक ७.३. स्केल झाल्यावर हाडांवरच्या मार्करची सर्वात मोठी चूक २ सेमीच्या आत आणि सरासरी वर्गमूळ चूक १ सेमीच्या आत असली पाहिजे.

कुबडी मॉडेलमध्ये आणायचे दोन मार्ग. एक, वेगळा बॉडी म्हणून बनवून हाताला वेल्ड करायची आणि जमिनीचा फोर्स टोकावर लावायचा, यात मनगट लॉक करून ठेवा, नाहीतर मनगटावर वाट्टेल ते मोमेंट येतात. दोन, कुबडी बनवायचीच नाही, वेक्टर थेट हाताच्या बॉडीवर लावायचा आणि फोर्स कुठे लागतो तो बिंदू म्हणून टोकाचीच जागा द्यायची, सॉफ्टवेअर त्या बिंदूला हाताला कडक जोडलेला समजतं. अल्युमिनियमची कुबडी अर्ध्या किलोच्या आसपास असते, त्यामुळे खुब्यासाठी दोन्हींत फरक नगण्य. मी दुसरा मार्ग घेतो, कमी फाइल, कमी डोकेदुखी.

एक्सटर्नल लोडच्या (बाहेरून लागणाऱ्या फोर्सच्या) फाइलमध्ये जास्तीत जास्त चुका अक्षांच्या होतात. ओपनसिममध्ये वाय वर, एक्स पुढे, झेड उजवीकडे. बहुतेक लॅबमध्ये झेड वर असतो. फिरवल्यावर स्क्रीनवर बाण बघा, बाण जमिनीतून वर यायला पाहिजे आणि पावलाच्या खालून निघायला पाहिजे, कुबडीचा बाण नळीच्या बरोबर वर जायला पाहिजे. हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय पुढचं बटन दाबायचं नाही, एवढा एक नियम.

इन्व्हर्स किनेमॅटिक्स (मार्करवरून सांध्यांचे कोन काढणं) आणि इन्व्हर्स डायनॅमिक्स नेहमीसारखं करा, त्यात कुबडीमुळे वेगळं काही नाही. मग ओटीपोटावरचे रेसिड्युअल काढून बघा. अंगठ्याचा नियम असा की रेसिड्युअल फोर्स बाहेरच्या सर्वात मोठ्या फोर्सच्या ५ टक्क्यांच्या आत आणि मोमेंट गुरुत्वमध्याची उंची गुणिले त्या फोर्सच्या १ टक्क्याच्या आत, म्हणजे ७०० न्यूटनला ३५ न्यूटन आणि साधारण ७ न्यूटन-मीटर.

इथे एक सापळा आहे त्यात मी स्वतः पडलोय. कुबडीचा फोर्स दिला नव्हता, रेसिड्युअल मोठे आले, ट्युटोरियलमध्ये लिहिलंय की रेसिड्युअल मोठे असतील तर आरआरए (रेसिड्युअल कमी करणारी ओपनसिमची पायरी) चालवा, चालवलं. आरआरएला कुबडी माहीत नाही, त्याला एवढंच दिसतं की माणूस जमिनीला हवं तेवढं दाबत नाही, मग त्याने सुचवलं की माणूस ६ किलोने हलका करा. आणि मी केला! सरासरी ६० न्यूटन कुबडीवर होते, भागिले ९.८१, बरोबर ६ किलो, हे गणित नंतर सुचलं. वर त्याने धड आणि ओटीपोटाचे कोनही थोडे वाकवून घेतले, आणि इथे मात्र खुबाही बिघडला. तर कुबडीचा डेटा नसेल तर आरआरए चालवूच नका, मोठे रेसिड्युअल तसेच राहू द्या आणि ते का मोठे आहेत ते रिपोर्टमध्ये लिहा. उलट डेटा असेल आणि तरी आरआरएने दोन-चार किलो मागितले तर आधी लोड सेलवर संशय घ्या, माणसावर नंतर.

स्टॅटिक ऑप्टिमायझेशन प्रत्येक क्षणी मोमेंट स्नायूंमध्ये वाटतं, ॲक्टिव्हेशनच्या (प्रत्येक स्नायू किती चालू आहे त्या आकड्याच्या) वर्गांची बेरीज कमीत कमी ठेवून. ओटीपोटाच्या सहा रेसिड्युअल ॲक्च्युएटरना मोकळी ताकद द्या, विशेषतः कुबडीचा फोर्स नसेल तर, नाहीतर उत्तरच सापडत नाही म्हणून रन मध्येच थांबतो. पण खुबा-गुडघा-घोट्याच्या रिझर्व्हना (स्नायू कमी पडले तर मदतीला ठेवलेल्या काल्पनिक मोटरना) अगदी कमी ऑप्टिमल फोर्स द्या, १ वगैरे, म्हणजे ते महाग पडतील आणि स्नायूच काम करतील. शेवटी रिझर्व्ह त्या सांध्याच्या मोमेंटच्या ५ टक्क्यांच्या वर गेले का बघा.

हे ऑप्टिमायझेशन काटकसरी आहे, विरोधी स्नायू एकत्र आवळायला ते सहसा तयार होत नाही, आणि दुखणारा माणूस नेमकं तेच करतो. शिवाय मॉडेलमधला ग्लुटियस मीडियस धडधाकट माणसाचा आहे, ऑपरेशन झालेल्याचा नाही. म्हणून मी एकच रन कधी देत नाही, खुब्याला बाहेरच्या बाजूने धरणाऱ्या स्नायूंची (ग्लुटियस मीडियस आणि मंडळी) ताकद ३० टक्के आणि ५० टक्के कमी करून परत चालवतो, तिन्ही रेषा एकाच ग्राफवर. पट्टा अरुंद आला तर निष्कर्षावर विश्वास ठेवता येतो, रुंद आला तर तसं सांगायचं.

मग जॉइंट रिॲक्शन. स्नायूंच्या फोर्सची फाइल द्या (द्या म्हणजे खरंच द्या, वर सांगितलंय माझं काय झालं ते), तोच एक्सटर्नल लोड द्या, आणि फोर्स मांडीच्या हाडावर, मांडीच्या हाडाच्याच फ्रेममध्ये मागा. डीफॉल्टला तो जमिनीच्या फ्रेममध्ये येतो आणि ऑर्थोलोडशी तुलना करायला गेलं की दिशा जुळत नाहीत. भराभर तपासायच्या दोन खुणा: एका पायावर भार असताना उत्तर वजनाच्या १ पटीच्या खाली आलं तर स्नायू गेलेच नाहीत, आणि कुबडीशिवाय साध्या चालीत ४ च्या वर गेलं तर बहुतेक पाऊल उचलायच्या आधीच्या दुसऱ्या उंचवट्याला खुबा वाकवणारे स्नायू मॉडेलमध्ये जास्त ओढतायत, तिथे खुब्याचा मध्य आणि त्या स्नायूंचे मार्ग बघा.

म्हणूनच कुबडीशिवायची ट्रायलही त्याच माणसाची, त्याच दिवशी घ्या, जमत असेल तर. नुसता आकडा मॉडेलच्या चुका घेऊन येतो, फरकात त्यातल्या बऱ्याच कटतात. पण वेग सारखा ठेवा! कुबडी घेतली की माणूस हळू होतो, आणि हळू चाललं की खुब्यावरचा फोर्स तसाही कमी होतो, मग कुबडीला भलतंच श्रेय मिळतं. मेट्रोनोम लावला की चाल यांत्रिक होते, मी कुबडीची ट्रायल आधी घेतो आणि मग त्याला तेवढ्याच वेगाने कुबडीशिवाय चालायला सांगतो, जमलेल्या ट्रायल ठेवतो, बाकीच्या फेकतो. प्रत्येकीच्या निदान ५ चांगल्या पावलांची सरासरी. ग्लुटियस मीडियसवर ईएमजी (स्नायूचा विद्युत सिग्नल मोजणारा सेन्सर) लावता आला तर लावा, आकाराची तुलना करायला, उंचीची नाही.

एक शेवटचं, "पाय अजिबात टेकवायचा नाही" असं सांगितलेल्या पेशंटचं मॉडेल करत असाल तर. अशा ट्रायलमध्ये पायाखाली प्लेट शून्य असते म्हणून लोक खुबाही शून्य धरतात. पाय साधारण वजनाच्या १६ टक्के, ७० किलोला ११ किलो, ११० न्यूटन. गुडघा वाकवून पाय हवेत धरला तर त्याचा गुरुत्वमध्य खुब्याच्या १० सेमी पुढे, ११ न्यूटन-मीटर, खुबा वाकवणाऱ्यांची तरफ ४ सेमी धरली तर २७५ न्यूटन ओढ, त्यातून पायाचं लटकणारं वजन गेलं, सांध्यात १६५ राहिले. गुडघा सरळ ठेवून पाय पुढे धरला तर २० सेमी, ५५० ची ओढ, सांध्यात ४४०, म्हणजे वजनाच्या दोन तृतीयांशाच्या जवळ, आणि जमिनीला पाय लागलेलाही नाही. पाऊल नुसतं हलकं टेकवलं असतं तर पायाचं वजन जमिनीने घेतलं असतं आणि हे स्नायू सैल पडले असते. तेव्हा तुमचा ग्राफ पाऊल उचललं तिथे कापू नका, पुढचं टेकेपर्यंत पूर्ण काढा.